थारच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये लॉकर आहे का, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

मंडळी, जुनी थार सीआरडीई (महिंद्राची डिझेल जीप) घेतलीय. मागच्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर (एक चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) आहे की साधा ओपन, म्हणजे बिनलॉकरचा, ते कळेना. मागची दोन्ही चाकं जॅकवर घेतली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि एक चाक हातानं फिरवलं. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं. उद्यमनगरातले मिस्त्री म्हणाले, उलटं फिरतंय म्हणजे ओपनच आहे.

मला ते पटत नाही. हा लॉकर दोन्ही चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडल्यावरच लागतो. हातानं फिरवलं तर तोही ओपनसारखाच वागणार की!

गगनबावड्याकडं शेत आहे, पावसाळ्यात तिथला लाल चिखल कुणाला सोडत नाही. हाऊसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) न उघडता खात्री करता येईल का? उघडावंच लागलं तर आत नेमकं काय बघायचं? कोल्हापुरात यातलं जाणणारं कोणी असेल तर नक्की सांगा.