उत्तर: धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जाची मंजूर लिमिट ३० लाख, मग उचल २२.५ लाखच का?

बँक फसवत नाहीये, हा ड्रॉइंग पॉवरचा (डीपी, म्हणजे तारण मालावरून ठरणारी उचलीची मर्यादा) हिशोब आहे. (डीपी म्हटलं की आमचा अकाउंटंट आधी व्हॉट्सॲप उघडायचा.) मंजूर लिमिट ही कमाल मर्यादा. प्रत्यक्ष उचल दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर, म्हणजे बँकेला दिलेल्या मालाच्या तक्त्यावर ठरते.

समजा माल ४० लाखांचा, त्यातले १० लाख पुरवठादारांचे द्यायचे बाकी. उरले ३०. त्यावर २५ टक्के मार्जिन (आपण स्वतः घालायचा वाटा) कापलं की २२.५ लाख. येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) धरत असतील, तरी ९० दिवसांपुढची बहुतेक बँका सोडून देतात. भोसरीत आमच्या शेडमध्ये इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी गंज चढलेले लोखंडी बार बघून विचारलं होतं, "हे कधीपासून पडलंय?" तो पडून राहिलेला माल धरला नाही, पुढच्या महिन्यात डीपी खाली.

याच प्रश्नाच्या दुसऱ्या एका उत्तरात 'माल बँकेकडे गहाण' लिहिलंय, ते बरोबर नाही. माल आणि मशीन हायपोथिकेशनवर असतात, म्हणजे ताबा आपला, बोजा बँकेचा. सोनं बँकेच्या तिजोरीत जातं, तो प्लेज. गहाण म्हणजे फ्लॅट, गाळा. कर्जातूनच घेतलेला माल हे प्राथमिक तारण. त्यावर समजा तुमच्या काकांचा कोथरूडचा फ्लॅट मागतात, ते कोलॅटरल, म्हणजे जादा तारण.

त्या फ्लॅटच्या बाबतीत मात्र घाई नको. खातं एनपीए (थकीत) झालं तर सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाचं तारण बँकेला कोर्टाशिवाय ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस काकांनाही येते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत घ्याच, शिवाय सेरसायवरचा (तारणांची केंद्रीय नोंदवही) बोजा उतरला का तेही तपासा. आमचा दोन वर्षं तसाच होता, गाळा विकायला काढल्यावर कळलं.