मदत हवी आहे: 2003 ची मारुती 800 पूर्ण रंगवायची आहे, परभणीत द्यावी की नांदेडला न्यावी?

मंडळी, नमस्कार.

आमच्या अण्णांची मारुती 800 आहे. 2003 ची, एमएच 22 पासिंग, रंग सिल्व्हर. म्हणजे एके काळी सिल्व्हर. आता टपावरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उन्हानं पापडासारखा सुटलाय, आणि ड्रायव्हरच्या दाराखाली बोट फिरवलं की गंजाचा भुगा हाताला येतो. इंजिन मात्र ठणठणीत. 2018 ला नोंदणीचं रिन्यूअल झालं, 2023 ला परत झालं (तोवर फी 600 ची 5000 झाली होती, अण्णा अजून ते बोलून दाखवतात), म्हणजे 2028 पर्यंत कागद साफ आहेत. विकून किती येतील आणि नवी का घेत नाही, हे दोन्ही प्रश्न आमच्या घरात भांडून झालेत, तेव्हा इथं नकोत. जानेवारीत अण्णांची पंचाहत्तरी आहे, त्याआधी गाडी रंगवून दारात उभी करायची आहे. रंग तोच ठेवायचा. बदलला तर आरसी बुकात नोंद करायला आरटीओच्या चकरा आल्या, आणि अण्णांना लाल गाडी चालणारही नाही.

तीन ठिकाणी विचारलं.

पहिले परभणीतलेच चाचा. गावाबाहेर लिंबाखाली पत्र्याचं शेड, बूथ (रंग मारायची बंद खोली) वगैरे काही नाही. 31 हजार, वीस-बावीस दिवस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरानं दार ठोकत गेले आणि दोन ठिकाणी थांबून म्हणाले, "इधर पहले काम हुआ है." खरंच झालं होतं, 2011 ला एका बैलगाडीचं जू घासलं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "रंग तो कोई बी मारता बेटा, पत्रा कौन देखता?" हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. भीती एकच, शेडपासून हाकेच्या अंतरावर जिनिंग आहे आणि कापूस आता सुरू झालाय. ओल्या रंगावर सरकी-कापसाची रुई बसली तर?

दुसरं नांदेडचं गॅरेज. बंद बूथ, भट्टी, चकचकीत ऑफिस, 52 हजार, सात दिवस. मालक सगळं बोलणं आमच्या ह्यांच्याकडं बघून करत होते. गाडी माझ्या वडिलांची, पैसे मी देणार, प्रश्न मी विचारतेय, आणि उत्तर मिळतंय ह्यांना, ज्यांना पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही. असो. पण मी विचारलं की काचा काढणार की टेप लावणार, तर ते म्हणाले, "मॅडम, फिनिशिंगची काळजीच सोडा." हे काही उत्तर नव्हे.

तिसरं संभाजीनगरचं कंपनीचं वर्कशॉप. 71 हजार, वर पत्रा बदलला तर वेगळे. ते सोडलंच.

एवढी चिकित्सा का, तर आधी एकदा हात पोळलाय. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव घेत नाही) बॉनेट रंगवून घेतलं. आणलं तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. पुढच्या पावसाळ्यात बारीक बारीक फोड आले, साबुदाण्याएवढे. फोडला की आत पाणी. दुकानदार म्हणाला, तुम्ही गाडी उन्हात लावता. परभणीत गाडी सावलीत कुठं लावायची हे त्यानं सांगितलं नाही.

तर विचारायचं हे की 31 आणि 52 यातला फरक नेमका कशाचा आहे? रंगाच्या डब्यात तर एवढा फरक नसणार. आणि रंगाखाली काय केलं ते पैसे देण्याआधी आपल्याला दिसावं, यासाठी काय करता येतं?

प्रतिसाद

ताई, वाळूजला कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या बॉनेटचं. पुट्टी (खड्डे भरायचं लुकण) घासताना वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारला असणार, तोही बोअरच्या पाण्यानं. आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे क्षारच. बादलीला पांढरा थर बसतो तसा तो पत्र्यावर बसतो. त्यावर प्राइमर, त्यावर रंग. रंगातून ओल थोडी थोडी आत जातेच, खालचा क्षार ती धरून ठेवतो आणि फोड येतो. उन्हाचा काही संबंध नाही. पुट्टी कोरडीच घासावी, ती स्पंजासारखी पाणी पिते. प्राइमरवर पाणी चालतं, पण आरओचं किंवा नळाचं घ्या, नंतर पुसून पूर्ण वाळवा. हा एक प्रश्न दोघांनाही विचारा: घासायला पाणी कोणतं वापरता? जो हसेल त्याच्याकडं देऊ नका.

21 हजारांचा फरक बूथचा, भाड्याचा आणि लवकर गाडी देण्याचा. बूथमध्ये साधारण 60 अंशाला अर्धा-पाऊण तास भाजलं की रंग हाताळण्याजोगा होतो. उघड्यावर त्याला वेळ द्यावा लागतो, पण पीयू (पॉलीयुरेथेन) रंग त्यात मिसळलेल्या हार्डनरनंच पक्का होतो, भट्टीनं फक्त लवकर होतो. चाचांना एवढं विचारा की पीयू मारणार की एनसी (नायट्रोसेल्युलोज). एनसी स्वस्त, पॉलिश केल्यावर झकास दिसतो, पण आपल्या उन्हात लवकर मरतो. ओळखायची युक्ती: त्यांनी आधी रंगवलेल्या गाडीवर आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा घासा. बोळ्याला रंग आला तर एनसी. तुमचं बॉनेटही तसं तपासून घ्या. ते एनसी निघालं तर पत्र्यापर्यंत खरवडावं लागेल, नाहीतर वरून पीयू मारल्यावर खालचा रंग सुरकुततो.

आणि चाचांना चांगला मास्क घेऊन द्या. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. आमच्या लाइनवर हवेची नळी जोडलेला मास्क असायचा. बाहेर लोक बनियनवर मारतात.

प्रतिसाद

माझ्या मते पत्राकाम चाचांकडून करून घ्या आणि रंग नांदेडला बूथमध्ये मारा. दोन्हीकडचं चांगलं ते मिळेल.

प्रतिसाद

वरच्या भाऊंचं ऐकू नका हो. मी हेच केलं होतं. सहा महिन्यांत दारावर चीर पडली, तर पेंटर म्हणाला लांबी (म्हणजे पुट्टी) जाड भरली, आणि लांबीवाला म्हणाला प्राइमर पातळ मारला. दोघांच्या मधे मी. एकालाच द्या.

बाकी: फ्रिजचं मॅग्नेट कागदात गुंडाळून गाडीभर फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं लांबीचा थर जाड. आज एकदा फिरवून फोटो काढा, लांबी भरून झाल्यावर परत फिरवा. गंज कापून नवा पत्रा वेल्डिंग करा म्हणा, लांबीनं गंज झाकला की तो आतून चालूच राहतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती आपल्या काळ्या मातीनं बुजतात. तुमचा गंज तिथूनच आलाय बघा. ती मोकळी केली नाहीत तर सोन्याचा रंग मारला तरी दोन वर्षांत परत भुगा.

नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली असेल तर ती काढू देऊ नका. तिचं लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही, नवी मागवावी लागते. बंपरसकट उतरवा, किंवा झाकून घ्या म्हणावं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार, विशेषतः वाळूजच्या दादांचे. काल परत दोन्हीकडं विचारलं. नांदेडला फोनवर पाण्याचं विचारलं तर मालक हसले. मग म्हणाले, "मॅडम, यूट्यूब बघता का?"

चाचा हसले नाहीत. आत गेले आणि निळा ड्रम दाखवला. टँकरचं पाणी, फक्त घासण्यासाठी वेगळं ठेवलेलं. बोअर शेजारीच आहे, त्याचं पाणी हात धुवायला. थिनरचा बोळा मी त्यांच्यासमोरच एका जुन्या जीपच्या दाराच्या आतल्या कडेला घासला, थोडी लाज वाटली, पण बोळा कोरा निघाला. काचा रबरासकट काढणार म्हणाले, कारण टपाचा गंज रबराच्या खालीच लपलेला असतो. रुईचं विचारलं तर उत्तर असं: जिनिंगची सुट्टी असते त्या दिवशी, पहाटे, वारा सुटायच्या आत, शेडमध्ये पाणी शिंपडून आणि तिन्ही बाजूंनी ओली ताडपत्री लावून. तरी दोन-चार कण बसतीलच म्हणाले, ते 2000 नंबरच्या पेपरनं घासून कंपाऊंड मारून काढू. बसणारच नाहीत असं ते म्हणाले नाहीत, हे मला आवडलं.

व्यवहार असा ठरला: दहा हजार आधी, दहा पत्रा आणि लांबी झाल्यावर मी मॅग्नेट फिरवून बघितल्यावर, बाकी गाडी घेताना. पीयू रंग, नाव आणि कलर कोडसकट, त्यांच्या मुलानं वहीच्या पानावर लिहून दिलं. मास्कचं सांगितलं तर चाचा म्हणाले, "चालीस साल से मार रा हूँ." तरी मी आणून देणार आहे.

गाडी सोमवारी टाकते. आता एकच राहिलं. चारही दारांचं आणि पुढच्या काचेचं रबर नवं घालायचं आहे. परभणीत दोन दुकानांत डुप्लिकेटच दाखवलं, हातात धरलं की टणक लागतं. 800 चं मऊ, ओरिजिनल रबर नांदेडला मिळेल का कुठं? की जालन्याला विचारू?