मदत हवी आहे: अंगणातल्या तळ्याचं पाणी रोज दोन बोटं उतरतंय

जास्वंद
दोन आठवडे झाले, अंगणातल्या तळ्याचं पाणी रोज दोन बोटं खाली जातंय. तळाला एक भेग दिसली म्हणून तळं रिकामं करून ती पांढऱ्या सिमेंटने भरली, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. काही फरक नाही. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, ते सगळं यातच ओतायचं का? रविवारी गवंडी येणार आहे. नेमकं काय लावायला सांगू त्याला? कृपया लवकर सांगा.

पारवा
तळं कशाचं आहे? विटांचं, आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट), फायबरचं, की खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला? लांबी-रुंदी किती? गाव कुठलं? मासे आहेत का? पंप किंवा कारंजं? हे कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

मळ्यातला
दादा, सिमेंटच्या नादी लागू नका. शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद आणा आणि अंथरा. आमचं शेततळं अशाच कागदावर उभं आहे. कडा मात्र काठावरून बाहेर घेऊन चर खणून गाडायच्या, नाहीतर कागद हळूहळू आत घसरतो. तुकडे जोडायचे असतील तर गरम मशीनने जोडून घ्या, चिकटवू नका.

काळी_माती
कागद हा शेतातला उपाय. अंगणातल्या चौकोनी हौदात कोपऱ्याकोपऱ्यांना घड्या पडतात, त्यात गाळ बसतो, कुजतो. आणि कमळाची कुंडी सरकवताना एकदा भोक पडलं की शोधत बसा.
जमीन काळी आहे का ते आधी सांगा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर नुसत्या विटांचा हौद बांधला की एप्रिल-मेमध्ये तो कुठेतरी तडकतोच. भेग वरवर भरून उपयोग नाही. छिन्नीने व्ही आकारात खोलवर उघडायची, धूळ काढायची, ओली करायची आणि पॉलिमर (मसाला चिवट करणारं रसायन) मिसळलेल्या मसाल्याने भरायची.

जास्वंद
दादा नाही, ताई. :)
सांगली. जमीन काळीच. विटांचं बांधकाम, आतून सिमेंटचा गिलावा. आठ बाय पाच फूट, अडीच फूट खोल. कमळ आहे, गप्पी मासे आहेत, छोटा पंप आहे. पण मला कारणं नकोत, काय लावायचं ते हवंय.

पारवा
ताई, गळती कुठे आहे तेच माहीत नसताना लावणार कुठे? एक भेग भरून तुम्ही पाहिलीतच.
तुमच्या मापाच्या तळ्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण ९४ लिटर. दोन बोटं म्हणजे दीड इंच धरलं तर रोज १४० लिटरच्या आसपास. ऊन आणि वारा असेल तर आपल्याकडे या दिवसांत सात-आठ मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं, कधी दहाही. दीड इंच उडत नाही, म्हणजे गळती नक्की. पण आकडा हातात घ्या. एक बादली पाण्याने भरून तळ्यातच विटांवर ठेवा, तोंड पाण्याच्या थोडं वर राहील अशी. बादलीत आतून खूण, तळ्याच्या भिंतीवर खूण. २४ तासांनी दोन्ही मोजा. बादलीत उतरेल तेवढं उडालं, तळ्यात त्याहून जास्त उतरेल ते गळलं. पंप पूर्ण बंद ठेवा. नंतर एक दिवस चालू ठेवून तेच करा. पंप चालू असतानाच जास्त उतरलं तर दोष पाइपलाइनीत किंवा धबधब्यात, हौदात नाही.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही दिवस पाणी भरू नका. जिथे येऊन पाणी उतरायचं थांबेल त्या उंचीवर शोधा.

जुनं_घर
सिमेंट मुळात कडक, जमीन हलली की तुटणारच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, वाटेत हौद बांधले, ते कशात? चुन्यात. चुना जरा दबतो, बारीक चीर असेल तर स्वतःच भरून काढतो. चांगला भिजवलेला चुना, विटांचा चुरा घाला, पाट्यावर वाटल्यासारखा घोटा.

काळी_माती
जुन्या बांधकामाबद्दल मलाही तुमच्याइतकाच आदर आहे. पण रविवारी येणाऱ्या गवंड्याला चुना घोटता येतो का? शिवाय ओला चुना पाणी अतिशय क्षारीय करतो, त्यात गप्पी एक दिवस टिकणार नाहीत.

जुनं_घर
सिमेंटही करतंच की.

काळी_माती
करतं. म्हणून तर दुरुस्तीनंतर पाणी दोन-तीनदा बदलायला सांगतात. चुन्याला जास्त थांबावं लागतं, एवढंच म्हणतोय.

निशिगंधा
डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा तळं पूर्ण कोरडं करा.

जास्वंद
निशिगंधाताई, गप्पी आहेत असं वर लिहिलंय, ते डासांच्या अळ्या खातात.
पारवा, आकडे: पंप बंद, २४ तासांत बादली ८ मिलिमीटर, तळं ३५. पंप चालू ठेवूनही तेवढंच. गवंड्याला पुढच्या रविवारी बोलावलंय. पाणी भरणं थांबवलं आहे. आईने कमळ लावलेलं आहे, ते उघडं पडेल याची भीती वाटते.

पारवा
कुंडी खाली सरकवा, पानं पाण्यावर राहतील तेवढं पुरे. आणि मासे आहेत म्हणून एक सांगतो, परत भरताना नळाचं पाणी एक दिवस उघड्या टाकीत ठेवून मग घाला, क्लोरीन निघून जाईल.

जास्वंद
पाचव्या दिवशी थांबलं. काठापासून एक वीत खाली. आता बादलीइतकंच उतरतंय.
एक सांगायचं राहिलं. त्याच उंचीला भिंतीत भोक आहे. मागच्या दिवाळीत पंपाची वायर आणि पाइप बाहेर काढायला ते पाडून घेतलं होतं, कडेने सिमेंट भरलं होतं. ते घट्ट दिसत होतं म्हणून लक्षातच आलं नाही.

काळी_माती
ताई, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर! पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. शिवाय उन्हात पाइप सिमेंटच्या कितीतरी पट जास्त पसरतो, रात्री आकसतो. कडेने केसाएवढी फट पडायला तेवढं पुरतं.
खात्री करून घ्या. पाणी पाइपाच्या वर येईपर्यंत भरा, पंप बंद करून संथ होऊ द्या. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडं दूध घेऊन पाइपाच्या कडेला हळूच सोडा. फट असेल तर दुधाची रेघ आत ओढली जाते. दोन-चार थेंबच, जास्त टाकलं तर पाणी नासतं.

जास्वंद
ओढली गेली! पाइपाच्या खालच्या अंगाने, अगदी दोऱ्यासारखी. आता एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा डिंक) भरू का?

मळ्यातला
एपॉक्सीने तात्पुरतं थांबेल. भोकच बुजवा की. पाइप आणि वायर काठावरून घ्या, वर एक फरशी ठेवा. पाण्याखाली भिंतीला भोक ठेवायचंच कशाला?

काळी_माती
पहिल्यांदाच मळ्यातल्यांशी पूर्ण सहमत. पाणी परत भोकाच्या खाली उतरलं की काम उरका, मासे बाहेर काढायची गरज नाही. कडेचं जुनं सिमेंट इंचभर तासून काढायला सांगा, न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा मसाला) भरा, आतून पॉलिमरचे दोन हात. खडे आणि मसाला पाण्यात पडू नये म्हणून खाली पत्रा धरा. सात दिवस ओलं पोतं. पोत्याचं पाणीही तळ्यात गळू देऊ नका.

जास्वंद
रविवारी भोक बुजवलं, पाइप काठावरून घेतला. सात दिवस पोतं ठेवलं, नंतर तो भाग तीनदा धुऊन पाणी बाहेर टाकलं. मग दोन दिवसांत थोडं थोडं करून भरलं. आज चौथा दिवस: बादली ८, तळं ८. गप्पी सगळे आहेत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, पारवा आणि काळी_माती यांचे विशेष.

काळी_माती
छान झालं. तळाची ती भेग मात्र मनात ठेवा. पावसात माती फुगली की तिथे काय होतं ते बघून पुन्हा लिहा.