शासकीय कार्यालयाची सुरक्षा व आरोग्य तपासणी नेमकी कोणाच्या अखत्यारीत येते? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी राज्य शासनाच्या एका जिल्हास्तरीय कार्यालयात लिपिक आहे. आमच्या अभिलेख कक्षात लाल रुमालांत बांधलेले दप्तर लोखंडी मांडण्यांवर थेट छतापर्यंत रचलेले असून, त्याच भिंतीवरच्या जुन्या बोर्डावरून संगणक, स्कॅनर आणि एसी यांना जोडण्या दिलेल्या आहेत. दुपारी त्या बोर्डाला हात लावला तर तो गरम लागतो. दाराशी टांगलेल्या अग्निशामक नळकांड्याचा काटा लाल पट्ट्यात आहे आणि आत-बाहेर करायला दार एकच आहे. धुळीमुळे तिथे काम करणाऱ्यांचा खोकला हटत नाही, तो भाग वेगळाच.

अडचण अशी की, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मधून केंद्र व राज्य शासनाची कार्यालये वगळलेली आहेत. मात्र याच कार्यालयांत ठेकेदारामार्फत नेमलेल्या कंत्राटी कामगारांना ती लागू होते. म्हणजे एकाच खोलीत, एकाच बोर्डाखाली बसणाऱ्या कंत्राटी ऑपरेटरला संहितेचे संरक्षण आहे आणि शेजारच्या कायम लिपिकाला नाही, असा विचित्र अर्थ निघतो. माझे वाचन चुकत असल्यास जाणकारांनी जरूर सांगावे.

आगीबाबत चित्र त्यामानाने स्पष्ट वाटते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'बी फॉर्म' म्हणतात, दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. जून २०१२ मध्ये खुद्द मंत्रालयात आग लागून फायली खाक झाल्या, तरीही आमच्याकडे हा फॉर्म कोणी भरायचा यावर केवळ पत्रव्यवहार चालू आहे: आमचे कार्यालय म्हणते की इमारत बांधकाम खात्याची आहे, आणि खाते म्हणते की वापर तुमचा आहे.

माझी विचारणा अशी. कंत्राटी कामगारांच्या निमित्ताने तपासणी मागायची झाल्यास अर्ज कामगार आयुक्त कार्यालयाकडे करावा की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे? बोर्ड आणि वायरिंग विद्युत निरीक्षकांना थेट दाखवता येते का, की मागणी कार्यालय प्रमुखांच्या सहीनेच जावी लागते? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ डोक्यावर असल्याने परस्पर बाहेर तक्रार करण्याची माझी तयारी नाही. माहितीच्या अधिकारात मागील बी फॉर्मची प्रत मागणे हा एक मार्ग दिसतो, परंतु स्वतःच्याच कार्यालयात असा अर्ज टाकल्यावर पुढे काय होते, हे नोकरीतल्या मंडळींना सांगायला नको.

कोणाच्या कार्यालयात अशी तपासणी प्रत्यक्ष झाली असल्यास तिची सुरुवात कोणत्या पत्राने झाली, तेवढे कळवावे. एखाद्या शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक मिळाला तर फारच बरे, कारण संदर्भाशिवायची टिपणी आमच्याकडे वरच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.