ओम्नीमध्ये कॉफी व्हॅन करायची आहे, कुठून सुरुवात करू?

टेकडीवाला:
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं आयटीत काढली, आता खरंच कंटाळा आलाय. बाबांची जुनी ओम्नी पार्किंगमध्ये पडून आहे, चालू कंडिशनमध्ये, तिच्यात एस्प्रेसो मशीन बसवून सकाळी वेताळ टेकडीच्या पायथ्याला आणि संध्याकाळी बालेवाडीकडे उभं राहायचं असं डोक्यात आहे. कॉफी बऱ्यापैकी जमते, घरी छोटं मशीन आहे, बिया चिकमगळूरच्या मागवतो. बजेट सहा लाख. मशीन कुठलं घेऊ आणि लायसन्स काय काय लागतात? नोकरी सोडू नका असं कृपया सांगू नका, ते आईने सांगून झालंय.

चाकावरचा_धंदा:
मशीनचं नंतर बघ रे, आधी करंट कुठून आणणार ते सांग. मी तीन वर्षं छोटा हत्ती चालवतोय, पहिलं मशीन घेतलं ते दोन ग्रुपचं, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारं, साडेतीन किलोवॅटचं, आणि ते ओढायला जनरेटर, त्याचा आवाज असा की गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येईना आणि पेट्रोलच्या वासात कॉफीचा वास गुल. विकलं शेवटी, निम्म्या किमतीत. आता गॅसवर चालणारं लिव्हरचं मशीन आहे, पाणी गॅसवर तापतं, प्रेशर हाताने ओढलेल्या स्प्रिंगचं, मग ग्राइंडर आणि दिवे तेवढे बॅटरीवर निघतात. गॅस कमर्शियलच घे, १९ किलोवाला, घरातली टाकी लावून पकडला गेलास तर महागात पडेल.
आणि ओम्नीत उभं राहता येत नाही हे लक्षात घे. मागचं दार वर करून बाहेर रस्त्यावर उभं राहून काम करावं लागतं, जूनमध्ये काय करशील? ओम्नी बनायची २०१९ लाच बंद झाली, तुझी तर बाबांची जुनी, पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन कधी संपतंय ते आजच बघ. धंद्याला वापरायची आणि आतून बदलायची तर आरटीओची परवानगी लागते. माझ्या फॅब्रिकेटरने "काही लागत नाही हो" म्हणून कटिंग केलं आणि पासिंगला गाडी दोनदा परत आली.

पेठेतली:
एवढ्या भानगडीत पडायचंच कशाला म्हणते मी. आम्ही दोघी जावा सकाळी फिल्टर कॉफी विकतो, डिकॉक्शन रात्रीच लावून ठेवायचं, सकाळी शेगडीवर दूध. ना बॅटरी ना मशीन. एक लिटर दुधात पाच कप धरा, उतू जाणं सांडणं धरून. पण तुम्हाला फेसावर बदाम काढायचा असेल तर आमचं काही म्हणणं नाही 😄

चाकावरचा_धंदा:
@पेठेतली ताई, नफ्याचा मार्ग तुमचाच आहे, पण हा ऐकणार नाही, मीही ऐकलं नव्हतं.

बोअरचं_पाणी:
पाण्याचं कुणीच बोललं नाही. माझा कॅफे आहे, व्हॅन नाही, पण एवढं सांगतो, टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी मशीनला दाखवूसुद्धा नका, सहा महिन्यांत बॉयलरमध्ये पांढरा थर जमतो. जार भरून न्या आणि वापरलेलं पाणी साठवायला वेगळा कॅन ठेवा, ते रस्त्यावर ओतलं की पहिली तक्रार तिथूनच जाते.
पावसाळ्यात ग्राइंड, म्हणजे बिया किती बारीक दळायच्या ते, दिवसातून दोन-तीनदा बदलावा लागतो. १८ ग्रॅम पावडरचा जो शॉट (एका वेळची एस्प्रेसो) सकाळी २८ सेकंदांत उतरतो तोच दुपारी हवा दमट झाली की ४० घेतो आणि कडू लागतो. गाडी उतारावर लावली असेल तर आणखी मजा, कपात एका बाजूने जास्त पडतं.

चाकावरचा_धंदा:
जागेचं राहिलं. फूड लायसन्स ऑनलाइन होतं, त्यात काही नाही. खरी गंमत रस्त्याची. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण आणि विक्रीचं प्रमाणपत्र आहे, ते नसेल तर अतिक्रमणची गाडी कधी येईल सांगता येत नाही, आणि सामान सोडवायला गेलात की तो दिवस तर गेलाच, शिवाय दंड. टेकडीच्या पायथ्याचा विचार सोड. मी खाजगी जागेतच उभा राहतो, आठवड्यातून चार दिवस एका कंपनीच्या गेटच्या आत, रविवारी सोसायटीत. भाडं जातं पण झोप लागते.

टेकडीवाला:
बापरे. रजिस्ट्रेशन आत्ता खाली जाऊन बघितलं, फेब्रुवारीत संपतंय. ओम्नी कॅन्सल. येत्या रविवारी आमच्याच सोसायटीत क्लबहाऊसच्या प्लगवर घरचं मशीन लावून टेबल टाकतो, सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले चालेल, पण कमिटीला फुकट.

पेठेतली:
कमिटीत किती जण आहेत ते आधी मोजा.

टेकडीवाला:
अकरा 😭