मूक फितीतल्या मॅच बघून खेळाडूंना हसणाऱ्यांसाठी

गॅलरीवाला: काल कुणीतरी १९०२च्या सुमाराची इंग्लंडमधल्या फुटबॉल मॅचची रंग भरलेली फीत टाकून वर लिहिलं, 'आमच्या सोसायटीची पोरं यांना हरवतील.' डोकंच फिरलं. अहो, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चित्रं. तीच फीत २४च्या वेगाने लावली की माणसं दीडपट वेगाने तुरुतुरु पळणारच! चूक लावणाऱ्याची, शिव्या खेळाडूंना. तेव्हा फिती काढणाऱ्या ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन या जोडीच्या फिती योग्य वेगाने बघा. गोल बऱ्याचदा हुकलेला असतो, पण कॅमेरा प्रेक्षकांवरून सावकाश फिरतो. कारण स्वतःला पडद्यावर बघायला तिकीट काढून तेच येणार होते. टोपी नसलेलं डोकं शोधावं लागतं.

थर्डमॅन: वेगाचं मान्य. पण गोलच दिसत नसेल तर मॅच कसली बघितली? त्यापेक्षा स्कोअरकार्ड बरं. लँकेशायरचा वेगवान गोलंदाज आर्थर मोल्ड, त्याचंच घ्या. जुलै १९०१, ओल्ड ट्रॅफर्ड. हात वाकवून चेंडू फेकतो म्हणून पंच जिम फिलिप्सने त्याला १६ नोबॉल दिले. मग याच मिचेल-केन्यन जोडीने त्याची गोलंदाजी टिपली, समोर फलंदाज हॉर्नबी. कॅमेऱ्यासमोर कोण हात वाकवेल? मी क्लबात पंच होतो. निवड समिती आली की सगळ्यांचे हात सरळ!

लाल माती: इंग्लंडचं कौतुक पुरे. आपल्याकडे सुरुवातीच्या फिती काढणाऱ्या सावेदादांनी १८९९मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली, तिचं नाव कुणी घेत नाही.

थर्डमॅन: ती कॅमेऱ्यासाठी ठरवलेली होती. खेळ नव्हे, नाटक.

लाल माती: नाटक? कधी मातीत उतरलात का? जत्रेतसुद्धा जोड आधी कुणीतरी ठरवतंच. अशाच ठरवलेल्या कुस्तीत माझ्या आजोबांचा खांदा निखळला, मरेपर्यंत दुखत होता. खुर्चीत बसून बोलू नका.

गॅलरीवाला: भांडू नका. खरं दुःख वेगळं आहे. रणजींची १८९७ची सिडनीतली नेटमधली फलंदाजी आजही बघता येते. सावेदादांची फीत धुवायला लंडनला पाठवली होती, आज ती कुठेच नाही.

लाल माती: म्हणजे राजाचा सराव उरला, पैलवानांची झुंज गेली. आणि आपण रंग भरलेल्या फुटबॉलला लाइक देतोय.

थर्डमॅन: बरं बाबा, कुस्ती खरी, मागे घेतो शब्द. मोल्डचं मात्र नाही. १९००च्या डिसेंबरातच काउंटी कर्णधारांनी ११ विरुद्ध १ मतांनी त्याला दोषी ठरवलं होतं. फीत काहीही दाखवो.