सेक्युलर : धर्मनिरपेक्ष, निधर्मी की इहवादी?

प्रश्न : सेक्युलरला आपण सरसकट धर्मनिरपेक्ष म्हणतो, पण धर्म शब्दात आपल्याकडे नीतीपण येते ना, राजधर्म, शेजारधर्म वगैरे. मग धर्मनिरपेक्ष सरकार म्हणजे नीतीशी देणंघेणं नसलेलं सरकार असं कुणाला वाटलं तर त्याचं काय चुकलं? आणि निधर्मी, इहवादी हे कुठे वापरायचे?

– घोळ धर्म शब्दाचाच आहे. रात्री-अपरात्री शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं की झाला शेजारधर्म, त्यात देव-पूजा काही नाही. पण धर्मांतर म्हटलं की तोच धर्म म्हणजे रिलिजन. राज्यघटनेच्या ४२व्या दुरुस्तीने (१९७६) उद्देशिकेत सेक्युलर आला तेव्हा हिंदीत पंथनिरपेक्ष घेतला, मराठीत मात्र धर्मनिरपेक्ष आहे.

– मग पंथनिरपेक्षच बरा की!

– नाही पटत. मराठीत पंथ म्हणजे नाथपंथ, महानुभाव पंथ, एखाद्या परंपरेतली वेगळी वाट. सरकारने पंथापंथांत भेद करायचा नाही पण धर्माधर्मांत केला तर चालेल, असा भलताच अर्थ निघेल.

– निधर्मी माणूस असतो, सरकार नाही. फ्रान्सचा १९०५चा कायदा बघा, एवढा कडक की सरकार कुठल्याच धर्माला मान्यता, पगार, अनुदान देणार नाही म्हणतो, पण पहिल्याच कलमात श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलंय. आणि गंमत म्हणजे अल्सास-मोझेल हा आज फ्रान्समधे असलेला भाग तेव्हा जर्मनीकडे होता म्हणून तिथे तो लागूच झाला नाही, तिथल्या पाद्र्यांना आजही सरकारी पगार मिळतो.

– इहवादाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सेक्युलरिझम हा शब्द काढला जॉर्ज होलीओकने, १८५१मधे, हा इंग्लंडातला माणूस, त्याआधी १८४२मधे ईश्वरनिंदेसाठी सहा महिने तुरुंगात जाऊन आलेला, आणि त्याचा मुद्दा चर्चची सत्ता एवढाच नव्हता तर नीती कशावर उभी करायची हा होता, परलोकाच्या भीतीवर की याच आयुष्यातल्या माणसांच्या भल्यावर. म्हणजे मूळ शब्दात नीती ठासून भरलीय. त्या विचाराला इहवादच बसतो.

– पण देव काढला तर नीती येते कुठून?

– देवाने सांगितलं म्हणून ते चांगलं, की चांगलं म्हणून देवाने सांगितलं, हा प्रश्न प्लेटोने विचारून ठेवलाय. दुसरं उत्तर घेतलं तर चांगलं-वाईट देवाच्या आधीच ठरलेलं निघतं. २००३मधे कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग आला, एकाला काकडी आणि शेजारच्याला त्याच कामाचं द्राक्ष दिलं की पहिलं माकड काकडी नाकारायचं.

– ती नीती नाही, मत्सर आहे.

– असेल, पण अन्याय झालाय हे कळायला पोथी लागली नाही ना. बरं, मूळ प्रश्नावर. वृत्तीबद्दल, विचाराबद्दल बोलताना इहवादी म्हणा. राज्याबद्दल असेल तर धर्मनिरपेक्ष आता रुळलाय, राहू द्या, पण लेखात नेमकं सांगायचं असेल तर 'धर्म आणि राज्याची फारकत' लिहा. सगळ्या धर्मांना सारखं अनुदान दिलं तर तो समभाव, कुणालाच दिलं नाही तर ती फारकत, आणि धर्मनिरपेक्ष या एका शब्दात लोक दोन्ही कोंबतात.